पुराची चर्चा कोणत्या वारी?

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसे भेटली की ख्यालीखुशालीच्या आधी एक प्रश्न येतो: ‘आयर्विनला किती?’ म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती चढले? उत्तर फुटांत आणि इंचांत मिळते आणि ते ऐकणारा मनातल्या मनात पुढची आकडेमोड करून टाकतो. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. पण चाळिशी गाठण्याच्या आधीच सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगरची मंडळी भांडीकुंडी हलवू लागतात, आणि गावभागातल्या आमच्यासारख्यांच्या घरी कोणत्या फुटाला कोणत्या पायरीला पाणी लागते याचा हिशेब आजोबांच्या काळापासून चालत आलेला असतो. कोयनेतून किती सोडले, वारणा कशी आहे, महाबळेश्वरला रात्रीत किती पडला, एवढ्या तीन गोष्टी कळल्या की उद्याचे पाणी कुठे असेल हे पुलाच्या कठड्याला टेकून उभा असलेला कोणीही सांगतो. १९२९ साली बांधलेला हा पूल आता आमची मोजपट्टीच झाला आहे.

नदीचे वेळापत्रक असे आम्हाला तोंडपाठ आहे. देशाच्या संसदेचे वेळापत्रक मात्र या नदीशी जुळत नाही. पूर येतो तेव्हा सभागृह नुकतेच उठलेले असते, किंवा बसलेले असूनही चालत नसते, किंवा चालत असले तरी कार्यावलीत जागा नसते. मदतीच्या चर्चेला वेळ द्यायचा की शासकीय कामकाज उरकायचे, अशी ओढाताण मग सुरू होते. माझे म्हणणे असे की ही ओढाताणच चुकीच्या पायावर उभी आहे. पुराच्या मदतीचा हिशेब देणे हेच शासकीय कामकाज आहे, आणि त्याला कार्यावलीत जागा मिळणे हे सरकारच्या मर्जीवर किंवा विरोधकांच्या आवाजाच्या ताकदीवर अवलंबून राहता कामा नये.

२०१९ चे उदाहरण आम्ही विसरू शकत नाही. सतराव्या लोकसभेचे पहिले अधिवेशन १७ जूनला सुरू झाले. ते २६ जुलैला संपायचे होते, पण विधेयके पुष्कळ राहिली होती म्हणून ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वाढवण्यात आले. जम्मू-काश्मीरच्या पुनर्रचनेचे विधेयक ५ ऑगस्टला राज्यसभेत आणि ६ ऑगस्टला लोकसभेत संमत झाले. त्याच दिवशी लोकसभा आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभा बेमुदत तहकूब झाली. इकडे त्याच दिवसांत कृष्णा चढत होती. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढणारी बोट उलटली, आणि आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांच्या घरात गेले. ब्रह्मनाळची माणसे बुडाली तेव्हा देशाचे सर्वोच्च सभागृह उठून घरी गेलेले होते. ते अधिवेशन अतिशय कार्यक्षम ठरल्याचे तेव्हा मोठ्या कौतुकाने सांगितले गेले, आणि किती तास बसले व किती विधेयके काढली एवढ्याच मापाने पाहिले तर ते खरेही होते. अधिवेशन कामासाठी वाढवता येते हे त्यानेच दाखवून दिले होते. फक्त त्या आठवड्यात मिरज-सांगलीत काय चालले आहे, हे त्या कामात धरले गेले नव्हते.

हा योगायोग म्हणून सोडून देता आला असता; पण त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, पावसाळी अधिवेशन १० ऑगस्टला संपले आणि केरळचा महापूर त्याच महिन्याच्या मध्याला आला. २०२५ मध्ये अधिवेशन २१ ऑगस्टला संपले. त्यानंतरच्या काही दिवसांत पंजाब पाण्याखाली गेला आणि सप्टेंबरात मराठवाड्यातल्या नद्यांनी काठची शेते खरवडून नेली. नाव पावसाळी अधिवेशन, आणि पाऊस भरात असताना ते गुंडाळलेले. लोकसभेच्या सामान्य प्रयोजन समितीने १९५५ सालीच अधिवेशनांचे कायमचे वेळापत्रक सुचवले होते, आणि त्यात पावसाळी अधिवेशन १५ जुलै ते १५ सप्टेंबर असे धरले होते. नद्यांचा विचार करून त्यांनी त्या तारखा घातल्या असतील असे मी म्हणत नाही. पण त्या पाळल्या गेल्या असत्या तर वर सांगितलेल्या बहुतेक पुरांच्या वेळी सभागृह बसलेले असते. घटनेचे ८५ वे कलम दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको एवढेच सांगते; बाकी कधी बोलवायचे आणि कधी उठवायचे हे मंत्रिमंडळ ठरवते. म्हणजे ज्याला हिशेब द्यायचा आहे, त्याच्याच हातात हिशेबाची तारीख आहे.

२०२१ ची गोष्ट याहून वेगळी आणि माझ्या मते जास्त बोचरी आहे, कारण त्या वेळी सभागृह बसलेले होते. अधिवेशन १९ जुलैला सुरू झाले. त्याच आठवड्यात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे डोंगर घरांवर आला, महाडजवळ तळीये गाव गाडले गेले, चिपळूण बुडाले, आणि दोन वर्षांपूर्वीचा गाळ ज्यांनी नुकताच घासून काढला होता त्या सांगलीकरांच्या भिंतींना पुन्हा पाणी लागले. राज्याच्या विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन ५ आणि ६ जुलै असे दोन दिवसांत आटोपलेले होते. म्हणजे या आपत्तीवर लोकप्रतिनिधींनी एकत्र बसून बोलावे अशी देशात एकच जागा तेव्हा उघडी होती, ती दिल्लीत. आणि ती पेगॅसस या फोनवर पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणावरच्या गदारोळात बंद पडली होती. त्या अधिवेशनात लोकसभेचे काम ठरलेल्या ९६ तासांपैकी जेमतेम २१ तास झाले.

येथे विरोधी पक्षांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. त्या २१ तासांत लोकसभेने २० विधेयके संमत केली. याचा अर्थ असा की हौद्यात उतरून घोषणा दिल्याने शासकीय कामकाज थांबत नाही. आवाजी मतदान गोंगाटातही घेता येते. विधेयकाला बहुमत लागते, शांतता लागत नाही. शांतता लागते ती प्रश्नोत्तराच्या तासाला, लक्षवेधीला, शून्य प्रहराला आणि मदतीच्या चर्चेला, म्हणजे नेमक्या त्या गोष्टींना ज्या विरोधकांच्या हातातल्या आहेत. पेगॅससचा प्रश्न गंभीर नव्हता असे मुळीच नाही. पण सभागृह बंद पाडून सरकारचे नुकसान होते हा समज जुना झाला. सरकारला आजकाल त्यात सोयच वाटत असावी. आंबेघरचा ढिगारा उपसला जात असताना तेथील खासदाराला सभागृहात दहा मिनिटे सलग बोलता येईल अशी स्थिती राहिली नव्हती, याची जबाबदारी दोन्ही बाजूंच्या बाकांवर वाटून द्यावी लागेल.

दिवसाचा वेळ कसा वाटला जातो हे एकदा पाहिले की मदतीच्या चर्चेची अडचण कुठे आहे ते ध्यानात येते. लोकसभेत सकाळी अकरा ते बारा प्रश्नोत्तरे, त्यानंतर सभापटलावर कागदपत्रे आणि शून्य प्रहर, पुढे नियम ३७७ खालची निवेदने, आणि मग शासकीय कामकाज. शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांचे. कोणत्या विधेयकाला किती तास द्यायचे ते अध्यक्षांच्या नेतृत्वाखालील कामकाज सल्लागार समिती ठरवते, आणि तीत पक्षांना संख्याबळानुसार स्थान असते. आठवड्याच्या शेवटी संसदीय कार्यमंत्री पुढच्या आठवड्याच्या शासकीय कामकाजाचे निवेदन करतात, आणि ते झाल्यावर काही सदस्य उठून आपापल्या भागातले विषय त्यात घालावेत अशी विनंती करतात. कोणाचा रेल्वेचा थांबा, कोणाचा पाण्याचा प्रश्न, कोणाचा पूर. ही विनंती नोंदली जाते. तेवढेच. निवेदन आधी आणि विनंती नंतर, हा क्रम पाहूनच तिचे वजन कळते.

तक्रार मांडायला साधने नाहीत असे नाही. शून्य प्रहरात दोन-तीन मिनिटे बोलता येते, पण मंत्र्याने उत्तर देण्याचे बंधन नसते. नियम ३७७ खाली मजकूर वाचून किंवा पटलावर ठेवून देता येतो. त्याला महिन्या-दोन महिन्यांनी एक पत्र येते. स्थगन प्रस्तावाला ५० सदस्यांचा पाठिंबा लागतो आणि त्यात सरकारवर ठपक्याचा भाग असतो, म्हणून तो सहसा स्वीकारला जात नाही. लक्षवेधीवर मंत्र्याला निवेदन करावे लागते. ३० जुलै २०२४ ला वायनाडचे डोंगर कोसळले तेव्हा दुसऱ्याच दिवशी दोन्ही सभागृहांत लक्षवेधी घेतली गेली आणि गृहमंत्र्यांनी उत्तर दिले. म्हणजे मनात आणले तर एका दिवसात जागा होते. आणि नियम १९३ खाली अल्पकालीन चर्चा आहे, जिच्यात ठराव नाही आणि मतदानही नाही, पण मंत्र्याचे उत्तर आहे. नियम १९४ अध्यक्षांना अशा चर्चांसाठी आठवड्यातल्या दोन बैठका देण्याची मुभा देतो, आणि प्रघाताने हे दिवस मंगळवार आणि गुरुवार आहेत. चेन्नई बुडाली तेव्हा, डिसेंबर २०१५ मध्ये, हिवाळी अधिवेशन चालू होते आणि पुरावर संसदेत चर्चा झाली. चेन्नईचे विमानतळ बंद पडते तेव्हा दिल्लीला ते लगेच कळते. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजचा रस्ता बंद पडला तर कळायला वेळ लागतो, हे मी तक्रार म्हणून नाही, सवयीने लिहितो.

मतदान नसलेल्या चर्चेचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग एका फारशा कौतुक न होणाऱ्या समितीमुळे आहे. सभागृहात मंत्र्याने ‘हे पाहू’, ‘अहवाल मागवला आहे’, ‘रक्कम दिली जाईल’ असे काही म्हटले की शासकीय आश्वासन समिती ते वाक्य उचलते आणि आश्वासन म्हणून नोंदवते. तीन महिन्यांत त्याची पूर्तता व्हावी असा संकेत आहे, आणि न झाल्यास खात्याला मुदतवाढ मागावी लागते. पूरग्रस्त भागाच्या दौऱ्यात गुडघाभर चिखलात उभे राहून दिलेला शब्द आणि सभागृहात दिलेला शब्द यांत हा फरक आहे. पहिल्याचे चित्रीकरण होते, दुसऱ्याची नोंद होते. आम्ही सांगलीकरांनी पहिल्या प्रकारचे शब्द भरपूर साठवले आहेत.

आता पैशाकडे येतो, कारण चर्चा कोणत्या वारी घ्यावी याचे खरे उत्तर पैशाच्या वाटेत आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राज्याला एक निधी दिला आणि केंद्राला एक. राज्याच्या आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यांना केंद्र ७५ टक्के घालते आणि राज्य २५ टक्के. तो अपुरा पडला की राज्य केंद्राकडे मागणीपत्र पाठवते, केंद्राचे आंतर-मंत्रालयीन पथक पाहणीला येते, त्याचा अहवाल राष्ट्रीय कार्यकारी समितीच्या उपसमितीकडे जातो, आणि शेवटी गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समिती राष्ट्रीय निधीतून रक्कम मंजूर करते. (या राष्ट्रीय निधीत तंबाखूवरच्या एका खास कराचा पैसा जातो, म्हणजे तंबाखू मळणारा प्रत्येक जण पूरग्रस्तांच्या नावे नकळत काही तरी टाकत असतो.) २०१९ च्या ऑगस्टमध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राकडे ६,८१३ कोटी रुपयांची मागणी करायचे ठरवले, त्यांपैकी ४,७०८ कोटी कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांसाठी होते. उच्चस्तरीय समितीने जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्राला ९५६.९३ कोटी मंजूर केले. जुलै २०२१ च्या आपत्तीसाठी ३५५.३९ कोटी मंजूर झाले ते मार्च २०२२ मध्ये.

हे आकडे एकमेकांसमोर ठेवून ‘केंद्राने तोंडाला पाने पुसली’ असे म्हणणे सोपे आहे आणि ते पुष्कळदा म्हटले गेले आहे. पण राज्याची मागणी एका मापाने केलेली असते आणि केंद्राची मंजुरी ठरलेल्या दरांच्या तक्त्याप्रमाणे असते. शिवाय राज्याच्या निधीत काय शिल्लक आहे ते त्यातून वळते होते. म्हणून या दोन आकड्यांमधले अंतर हे सगळेच्या सगळे कंजूषपणाचे नसते. मग ते कशाचे आहे? किती भाग राज्याने फुगवून मागितला, किती भाग तक्त्याच्या दरामुळे गळला, किती शिल्लक रकमेत वळता झाला? हे आम्हाला कोणी कधी फोडून सांगितले नाही, आणि ते सांगण्याची जागा पत्रकार परिषद नव्हे, संसद आहे. ज्या दिवशी मंजुरी येते त्या दिवशी मात्र पुराची बातमी शिळी झालेली असते. जानेवारीत किंवा मार्चमध्ये आयर्विनखाली नदी इतकी शांत असते की पुराचा विषय काढणारा माणूसच अवेळी बोलतो असे वाटावे.

त्या तक्त्याचे उदाहरण देतो. २०१९ च्या पुराच्या वेळी लागू असलेल्या केंद्रीय निकषांत घर बुडालेल्या कुटुंबाला कपड्यांसाठी १,८०० आणि भांड्यांसाठी व घरगुती सामानासाठी २,००० रुपये होते. राज्याने स्वतःची भर घालून ग्रामीण भागात १०,००० आणि शहरात १५,००० सानुग्रह अनुदान दिले म्हणून निभावले. बागायती पिकाला हेक्टरी १३,५०० रुपये, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत आणि ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान असेल तर; २०२२ पासून तो आकडा १७,००० झाला. ज्याने भिलवडी-अंकलखोपच्या नदीकाठच्या मळीत उसाची लावण केली आहे त्याला या आकड्याबद्दल मी वेगळे काही सांगायला नको. आमच्या घरी पंचनामा झाला तेव्हा तळमजल्यावरचे लाकडी कपाट, शिवणयंत्र आणि आजीची पितळी घंगाळे यांपैकी कशालाच तक्त्यात रकाना नव्हता. पंचनामा करणारा बिचारा तरुण स्वतः तीन रात्री झोपला नव्हता आणि जे रकाने होते तेवढेच तो भरू शकत होता. हा तक्ता गृहमंत्रालय ठरवते. त्याला संसदेची संमती लागत नाही. म्हणजे देशातल्या प्रत्येक पूरग्रस्ताच्या हातात नेमके किती पडावे हे ठरवणारा कागद सभागृहासमोर मंजुरीसाठी येत नाही, आणि ज्या चर्चेत तो निदान प्रश्नाच्या रूपाने यायचा, ती चर्चा जागेअभावी राहते.

म्हणून मला एक चर्चा पुरेशी वाटत नाही, दोन हव्यात. पहिली छोटी. केंद्राने एखाद्या राज्यात पाहणी पथक पाठवायचे ठरवले की, सभागृह चालू असेल तर सात दिवसांच्या आत, नाही तर पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या मंगळवारी, दोन तासांची चर्चा आपोआप कार्यावलीवर यावी. त्यासाठी कोणाला सूचना देण्याची, समितीत घासाघीस करण्याची किंवा हौद्यात उतरण्याची गरज पडू नये. पथक नेमण्याची अट मी मुद्दाम घातली आहे. कारण मग ‘हा राज्याचा विषय आहे’ असे म्हणायला केंद्राला तोंड राहत नाही. पथक त्यानेच पाठवलेले असते. दुसरी चर्चा मोठी, सहा महिन्यांनी, आणि तिच्या आधी एक निवेदन पटलावर ठेवलेले: राज्याने किती मागितले, पथकाने किती सुचवले, समितीने किती मंजूर केले, कोणत्या तारखेला किती रक्कम सुटली आणि जिल्ह्यांत किती पोहोचली. लोकांना पहिल्या चर्चेची आठवण राहील, पण माझा जीव दुसरीत आहे. पुराच्या आठवड्यात सगळेच हळवे असतात आणि हळवेपणात हिशेब होत नाही.

यावर आक्षेप आहेत आणि त्यांतला एक मला खरोखर वजनदार वाटतो. सभागृहात चर्चा लागली की मंत्रालयापासून तहसील कार्यालयापर्यंत उत्तरांसाठी माहिती गोळा करण्याचे फर्मान सुटते, आणि ज्या माणसांनी निवारा केंद्रांत पाणी आणि औषधे पोहोचवायची ती माणसे नमुना भरत बसतात. २०१९ मध्ये जिल्ह्यात हजारो माणसे हलवली जात असताना तसे झाले असते तर ते पापच ठरले असते. म्हणूनच पहिली चर्चा दोन तासांची असावी आणि तीत केंद्राने स्वतःच्या यंत्रणेबद्दलच सांगावे: बचाव पथके किती आणि केव्हा निघाली, लष्कराची मदत केव्हा मागितली गेली, धरणांच्या विसर्गाबद्दल दोन राज्यांत काय बोलणे झाले. ही माहिती दिल्लीतच असते.

दुसरा आक्षेप, मदतकार्य हे राज्याचे काम आहे, हा अर्धाच खरा आहे. कृष्णेच्या बाबतीत तर पावही नाही. सांगलीत पूर म्हटला की खालच्या अंगाला कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाचे नाव निघते. कर्नाटकाला त्या धरणाची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची आहे आणि येथे त्याच्या फुगवट्याची धास्ती आहे. महाराष्ट्र सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने २०१९ च्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. ते आमच्याकडे फार जणांना पटलेले नाही. माझे स्वतःचे मत असे की आम्ही अलमट्टीच्या भिंतीकडे बोट दाखवताना निळ्या पूररेषेच्या, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्याच्या, आत आम्हीच बांधलेल्या भिंतींकडे सोयीने पाठ फिरवतो. पण माझे खरे की शेजाऱ्याचे, हे मुंबईच्या विधानभवनात ठरणार नाही आणि बंगळूरच्याही नाही, कारण तेथे समोरचा माणूसच नसतो. आंतरराज्य नद्यांचे नियमन घटनेच्या केंद्र सूचीत ५६ व्या नोंदीत आहे. सांगलीचा आणि बागलकोटचा खासदार एकाच छताखाली बसतात अशी जागा देशात एकच आहे.

तिसरा आक्षेप मी स्वतःच घेतो. अशा चर्चा आज जशा होतात तशाच होणार असतील तर न झालेल्या बऱ्या. ‘देशाच्या विविध भागांतील पूर आणि दुष्काळाची स्थिती’ असा ऐसपैस विषय ठेवायचा आणि चाळीस सदस्यांनी प्रत्येकी तीन-चार मिनिटांत आपल्या मतदारसंघातल्या गावांची यादी वाचायची, ही पद्धत आहे. पूर आणि दुष्काळ एकत्र घेण्याचे मला वावडे नाही. आमच्या एकाच जिल्ह्यात पलूस बुडत असताना जत आणि आटपाडीत टँकर चालू असतात, आणि सातारकरांना पाटण आणि माण-खटाव यांबद्दल हेच सांगता येईल. पण सर्वांचे सगळे एकत्र घेतले की मंत्र्याचे उत्तरही सर्वांना मिळून एक होते, म्हणजे कोणालाच मिळत नाही. त्यात भर म्हणून बहुतेक जण आपल्या वाट्याच्या मिनिटांपैकी एक तरी मिनिट ‘ही राष्ट्रीय आपत्ती जाहीर करा’ या मागणीवर घालवतात. कायद्यात राष्ट्रीय आपत्ती जाहीर करण्याची तरतूदच नाही. केंद्राने हे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. आपत्तीला ‘गंभीर स्वरूपाची’ ठरवता येते, वायनाडच्या बाबतीत तसे काही महिन्यांनी ठरवलेही गेले. जी गोष्ट कायद्यात नाही ती मागत राहिले की नाकारणाऱ्याला फारसे कष्ट पडत नाहीत. त्याऐवजी एखाद्याने भांड्यांच्या २,००० रुपयांवर तीन मिनिटे खर्च केली असती तर मंत्र्याला उत्तर देणे अवघड गेले असते.

वेळ नाही, हा शेवटचा आणि सर्वांत लाडका आक्षेप. पहिल्या लोकसभेने पाच वर्षांत ६७७ बैठका केल्या, सतराव्या लोकसभेने २७४. घटनेच्या कार्याचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२ मध्ये लोकसभा वर्षाला किमान १२० दिवस बसावी असे सुचवले होते. वेळ कमी पडतो तो बसत नाही म्हणून. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये प्रत्येक सत्रातले २० दिवस विरोधकांच्या विषयांसाठी राखून ठेवलेले असतात. आपण तेथून नियमांचे पुस्तक पुष्कळ घेतले, हे घेतले नाही. आज सत्तेत असलेल्यांना असे राखीव दिवस अडचणीचे वाटतील, आणि काल सत्तेत असलेल्यांनाही ते वाटले असते. बाके बदलली की वेळेबद्दलची मते बदलतात, हे दोन्हीकडच्यांना आतून माहीत असते.

‘हा राज्याचा विषय’ म्हणून दिल्लीची सुटका होत नाही, याचे आणखी एक उदाहरण २०१९ च्याच हिवाळ्यात घडले. १२ ते २३ नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट होती, विधानसभा निलंबित अवस्थेत होती, आणि राज्याच्या विधिमंडळाचे अधिकार कायद्याने संसदेकडे गेले होते. १८ नोव्हेंबरला संसदेचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले. म्हणजे काही दिवस का होईना, सांगलीच्या पूरग्रस्तांची विधानसभा म्हणजे संसदच होती. पूर ओसरून तीन महिने झाले होते, केंद्राची मंजुरी यायची होती, आणि परतीच्या पावसाने उरलेली द्राक्षे आणि सोयाबीन झोपवले होते. हिशेब मागायला याहून योग्य दिवस मिळाला नसता. त्या दिवसांत सगळ्यांचे लक्ष मुंबईत सरकार कोणाचे येणार याकडे होते, आणि आमचेही होते. पाण्याची खूण अजून भिंतीवर असताना आम्हीही दूरचित्रवाणीसमोर बसून आमदारांचीच मोजदाद करत होतो.